सगळे बेस उपटून नवे लावू का? (उत्तर जरा लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना गाढवपणा डोळ्यांपुढे आला. तुमच्याकडे टेबलावरच्या युद्धखेळाचे 28 मिमीचे साठ धातूचे सैनिक आहेत, चार-चारच्या ओळीत 60 बाय 20 मिमीच्या एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) पट्ट्यांवर चिकटवलेले, वाळू-गवत सगळं झालेलं. आणि आता ज्यांच्याबरोबर खेळायचं ठरलंय त्यांच्या नियमांत प्रत्येक सैनिक सुटा, 25 मिमीच्या गोल बेसवर, म्हणजे पायाखालच्या तळावर, हवा. सगळे उपटून नव्याने लावू का, आणि कसे, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: लावू नका. निदान या महिन्यात तरी नका.

माझे 48 होते. ग्रीक भालाईत, डीबीए या प्राचीन लढायांच्या युद्धखेळाच्या मापाने 60 मिमी रुंदीच्या पट्टीवर चार. मग दुसऱ्याच एका खेळाच्या दोन दिवसांच्या स्पर्धेत नाव घातलं. त्या नियमपुस्तकात बेसबद्दल एकच वाक्य होतं: मिनिएचरसोबत (म्हणजे छोट्या सैनिकासोबत) आलेला बेस वापरावा. माझ्या मिनींसोबत बेस आलेच नव्हते, पायाखाली धातूची एक पातळ चकती तेवढी. म्हणून आयोजकांना मेल टाकली, की आहेत त्या पट्ट्या चालतील का, नाहीतर कोणतं माप धरू? उत्तर नाही. आठवड्याने पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. तिसऱ्या मेलला एका ओळीचं उत्तर आलं: "कृपया नियमपुस्तक पाहावे." ज्या पुस्तकात उत्तर नाही म्हणून विचारतोय, तेच पुस्तक पाहा! आता हसू येतं. तेव्हा मात्र मी सर्वात वाईट तेच गृहीत धरलं आणि आठ रात्री बसून 48 च्या 48 सुटे केले.

तेही सुरीने. चकतीखाली पातं सारायचं, हळूहळू उचलायचं, असा बेत होता. पण चकती सुपरग्लूने बसलेली आणि वरून पांढऱ्या गोंदात कालवलेल्या वाळूचा थर. पातं आत जाईना, म्हणून सैनिकालाच धरून जरा डोलवलं. धातू मऊ असतो, एकदा वाकतो, दुसऱ्यांदा वाकतो. घोट्यापाशी रंगाला केसाएवढी चीर पडली की समजायचं, तिसऱ्या वेळी पाय हातात येणार. अकरा जणांचे घोटे असे गेले. घोट्याची जाडी दीड मिमी असेल-नसेल. त्यात अर्ध्या मिमीचं भोक पाडून तार घालणं हा स्वतंत्र छळ आहे, त्यावर इथे लिहीत नाही. भाले पोलादी तारेचे होते, त्यातला एक अंगठ्यात घुसला ते वेगळंच.

स्पर्धेच्या दिवशी एकाही टेबलावर कुणी बेसला मोजपट्टी लावली नाही. माझ्या पहिल्याच प्रतिस्पर्ध्याचे सैनिक 20 मिमीच्या चौकोनांवर होते. शेजारच्या टेबलावर तर हुबेहूब माझ्या जुन्या पट्ट्यांसारख्या पट्ट्या, आणि किती मेले ते दाखवायला बाजूला एक फासा. आयोजकांपैकी एकाला विचारलं तर म्हणाला, "बेसचं आम्ही काही बघत नाही." मग हेच मेलमध्ये लिहायला काय झालं होतं? असो. (असो म्हणतोय, पण अजून गेलेलं नाही, हे कळतंच असेल.)

पुढे दोन वर्षांनी तोच ग्रुप तिसऱ्या खेळाकडे वळला. त्यात परत ओळी लागतात.

म्हणून म्हणतो, बेसचं माप नियमांचं असतं आणि नियम बदलत राहतात. वॉरहॅमर या युद्धखेळाच्या कल्पनारम्य सैन्यांचंच बघा. वर्षानुवर्षं चौकोनी बेस होते, 2015 मध्ये एज ऑफ सिग्मार या नव्या खेळाबरोबर गोल आले, आणि 2024 मध्ये द ओल्ड वर्ल्ड या खेळाबरोबर चौकोनी परत आले. तेही माणसांच्या पायदळाला पूर्वीच्या 20 ऐवजी 25 मिमी. ज्यांनी मधल्या काळात सगळं गोलावर नेलं, त्यांच्याशी एकदा बोलून बघा.

बेसवरून कुरकुर करणारा दरवेळी चूकच असतो असं मात्र नाही. 1824 च्या प्रशियन युद्धखेळात राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने 1:8000 च्या नकाशावर जे ठोकळे ठेवले, ते तुकडी प्रत्यक्षात जेवढी जागा व्यापेल त्या मापाचे होते. बेसची रुंदी म्हणजे तुकडीच्या आघाडीची लांबी, हा हिशेब निदान तेव्हापासूनचा. तुमचे दहा सैनिक 25 मिमीवर उभे राहिले की 250 मिमीची ओळ होते. समोरच्याचे 20 मिमीवर असतील तर त्याच लांबीत त्याचे बारा मावतात, म्हणजे भिडणारे दोन जास्त. जिथे बेसला बेस टेकण्यावर मारामारी ठरते तिथे हा फरक खरा आहे. पण दोन्ही सैन्यं एकाच मापाची असतील, तर ते माप कोणतं आहे याने बहुतेक खेळांत काही अडत नाही. मोठे बेस असणाऱ्याला खेळायला मज्जाव करणारे लोक मला अजून तरी भेटलेले नाहीत. 2 मिमीसाठी कॅलिपर काढणारा एक भेटला, त्याच्याशी दुसऱ्यांदा खेळलो नाही.

तेव्हा आधी त्या ग्रुपला विचारा, आणि मोघम नको. "माझे बेस चालतील का" असं विचारलंत की मोघमच उत्तर येतं. पट्टीचा फोटो टाका आणि विचारा, चौघांची पट्टी ठेवून मेलेल्यांसाठी बाजूला फासा ठेवला तर चालेल का? बरेचदा "हो" येतं.

"नाही" आलंच, तर सुरी बाजूला ठेवा. एमडीएफ पाण्याला टिकत नाही, आणि इथे तेच आपल्या कामाचं. उथळ ताटलीत कोमट पाणी घ्या, फक्त पट्टी बुडेल एवढंच, आणि काही तास विसरून जा. एमडीएफ फुगून पापुद्र्यांनी सुटतो, पांढरा गोंद मऊ पडतो, आणि चकती बोटांनीच निघते. मागे राहिलेला सुपरग्लू खरवडता येतो. बेस प्लास्टिकचा आणि सैनिक धातूचा असेल तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो, मग चकती धरून पिळ दिला की कट् करून सुटतो. चकती धरा, पाय नाही! प्लास्टिकचा सैनिक प्लास्टिकच्या बेसवर प्लास्टिक सिमेंटने लावलेला असेल तर विषयच संपला, ते वितळून एक झालेलं असतं, बारीक करवतीने कापावंच लागतं. आणि ॲसिटोनचा सल्ला कुणी दिला तर प्लास्टिकच्या जवळपासही नेऊ नका, सैनिकच विरघळेल. मी रसायनतज्ज्ञ नाही, दोन-तीन नगांवर आधी करून बघा.

सुटे केल्यावर पुन्हा पट्टीला कायमचे चिकटवू नका, एवढं तरी माझ्याकडून घ्या. सुट्या गोल बेसखाली लवचिक चुंबकी शीट लावा आणि ओळीसाठी गोल खाचांचा ट्रे घ्या, त्याच्या तळाला पत्र्याचं शीट. दोन्हीकडे चुंबकी शीट लावू नका. मी लावली होती. त्या शीटमध्ये ध्रुवांचे पट्टे असतात, त्यामुळे सैनिक हवा तिथे बसत नाही, अर्धा पट्टा सरकून तिरकाच थांबतो. बेस आणि ट्रे दोन्हीकडे गोल चकतीवाली चुंबकं वापरणार असाल तर सगळ्यांच्या एकाच बाजूला मार्करने ठिपका आधी द्या. एक जरी उलटं बसलं तर तो शिपाई आयुष्यभर ट्रेमधून उडी मारत राहतो. माझा एक आहे तसा, त्याला मी सेनापती केलाय.

एका पट्टीच्या खालच्या बाजूचा आणि एका सैनिकाच्या पायाचा जवळून फोटो इथे टाका. पट्टी नक्की एमडीएफचीच आहे का आणि गोंद कुठवर गेलाय हे दिसलं, तर पाण्याने काम भागेल की फ्रीझर लागेल ते सांगता येईल. तोवर काही उचकटू नका.