नवीन टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो? टीव्ही परत करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महिन्यापूर्वी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला, चित्र चकाचक आहे, पण सिनेमा लावला की सिनेमा वाटतच नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून शूटिंग करतंय असं वाटतं. वर संवाद नीट कळत नाहीत. जुन्या ३२ इंचीवर हे होत नव्हतं.

परत करू नका. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी अगदी हेच झालं होतं. मी आधी नवऱ्याला बोल लावला, कारण मॉडेल त्याने निवडलं होतं. मग दुकानदाराला. शेवटी एका रविवारी रिमोट घेऊन मेनूत शिरले आणि तासाभरात भांडण मिटलं. मी या धंद्यातली नाही, दिवसभर लोकांची जीएसटी रिटर्न भरते. पण मेनूत खोल लपवून ठेवलेल्या गोष्टी शोधायची सवय त्या पोर्टलनेच लावली आहे.

आधी हे बघा की तुमचा टीव्ही कुठल्या पिक्चर मोडवर आहे. आमच्याकडे भिंतीवर टीव्ही लावायला आलेल्या मुलाने दहा मिनिटांत ब्रॅकेट ठोकला, वायफायचा पासवर्ड विचारला, ‘व्हिव्हिड’ लावून दिलं आणि म्हणाला, “ताई, पिक्चर एकदम कडक येतंय.” आलं होतंच. क्रिकेटच्या मैदानाचं गवत पोपटी, खेळाडू नारिंगी आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे दात निळसर. हा मोड घरासाठी नसतोच. दुकानात वीस टीव्ही ओळीने लावलेले असतात, वर पांढऱ्या दिव्यांचा लखलखाट. तिथे जो सगळ्यात भडक आणि निळा दिसतो त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं. घरी आणल्यावर त्याला ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर टाका. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, चहा सांडल्यासारखं. तिसऱ्या दिवशी परत व्हिव्हिड लावून बघा, डोळे मिटून घ्याल.

आता मुख्य दुखणं, ते गुळगुळीत चित्र. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. बोलपट आले तेव्हापासून हा आकडा पक्का बसला आणि अजून तोच आहे. तुमचा टीव्ही मात्र सेकंदाला ६० वेळा, महागडा असेल तर १२० वेळा चित्र बदलू शकतो. मग त्याला वाटतं, या २४ मध्ये फार फटी आहेत, बुजवू या. दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं तो मनानेच तयार करतो. नायक डावीकडून उजवीकडे गेला, तर मधे कुठे असेल याचा अंदाज बांधून तिथे एक नायक उभा करतो. अंदाज चुकला की माणसाच्या कडेने पाण्यात हलल्यासारखी थरथर दिसते. लोखंडी गजांमागून कुणी पळत गेलं की हमखास दिसते. बघितली नसेल तर आज मुद्दाम बघा.

पण मालिकेसारखंच का वाटतं? माझ्या मते याचं उत्तर टीव्हीपेक्षा आपल्या लहानपणात जास्त आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आणि त्याच हिशोबाने जुनं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचं, तेही ५० फेऱ्यांत, दर फेरीला अर्धं चित्र. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर जे काही चित्रित व्हायचं, म्हणजे मालिका, बातम्या, मुलाखती, ते सगळं या ५० फेऱ्यांमुळे सुळसुळीत दिसायचं. फिल्मवरचा सिनेमा त्याच टीव्हीवर किंचित अडखळत चालायचा. वर्षानुवर्षं बघून डोळ्याने खूणगाठ बांधली: सुळसुळीत म्हणजे स्वयंपाकघरातलं भांडण, अडखळतं म्हणजे सिनेमा. ही खूणगाठ कुणी शिकवलेली नाही, तरी माझ्या सासूबाईंनासुद्धा दुसऱ्या मिनिटाला कळलं. त्या म्हणाल्या, “हा पिक्चर आहे की मालिकेतलं स्वप्न?”

(याच २४ आणि २५ ची एक गंमत. टीव्हीवर दाखवताना सिनेमा सर्रास २५ च्या वेगाने पळवायचे. चार टक्के वेग म्हणजे अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपणार. आणि आवाजही तसाच पळवला तर काळी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसणार. टीव्हीवरच्या गाण्याबरोबर पेटी जुळत नाही म्हणून माझे काका पेटीवाल्याला शिव्या द्यायचे.)

हे सेटिंग बंद करायचं तर त्याचं नाव माहीत पाहिजे, आणि नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा नव्या मॉडेलांत ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’. इतर कंपन्यांच्या मेनूत ‘मोशन’ हा शब्द शोधा, आसपासच सापडेल. हा वैताग आपल्या दोघांचाच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून खास व्हिडिओ काढला होता, विषय एकच: कृपा करून टीव्हीतलं हे बंद करा. पुढच्याच वर्षी टीव्ही कंपन्यांनी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. म्हणजे आधी स्वतःच आत घातलेलं बंद करण्यासाठी एक वेगळं बटण दिलं आणि तेही खोक्यावर छापून विकलं. मला या धंद्याचं कौतुक वाटतं.

क्रिकेटला मात्र ते चालू ठेवलं तरी माझी हरकत नाही. मॅच मुळातच सुळसुळीत येते, तिथे सिनेमाचं काही बिघडत नाही. अधूनमधून वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडायच्या आधीच गायब होतो, तेवढं झालं तर बंद करा.

आता मोशनपेक्षाही मला जास्त छळणारी गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. जुने सिनेमे ताणून बघणं. माझे सासरे ७८ वर्षांचे. रविवारी दुपारी जेवण झालं की प्रभातच्या काळातलं काहीतरी लावून बसतात. त्या सिनेमांची चौकट जवळजवळ चौकोनी, रुंदी-उंचीचं प्रमाण चारास तीनच्या आसपास. आपला टीव्ही सोळास नऊ. सरळ लावलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, आणि त्या पट्ट्या बाबांना सहन होत नाहीत. ते रिमोटवरून चित्र ‘फुल’ करतात. मग सगळी माणसं आडवी होतात. संत माणसांचे चेहरे भाकरीसारखे पसरतात, तंबोऱ्याचा भोपळा कलिंगडाएवढा होतो, बैलगाडीचं चाक लंबगोल होतं आणि तरी गाडी चालते.

“अहो बाबा, ती माणसं अशी नव्हती हो.”

“मग? ५५ इंचाचे पैसे दिलेत. काळं बघायला का दिलेत?”

याला माझ्याकडे उत्तर नाही. हिशोबाच्या बाजूने ते बरोबरच आहेत. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर सरळ लावलं तर बरोबर पाव पडदा रिकामा राहतो, आणि पाव टीव्ही फुकट गेला हे एका निवृत्त कॅशियरला कसं पटवून देणार? मी एकदा टेप आणून गाडीचं चाक मोजून दाखवलं. उंची १९ सेंटिमीटर, रुंदी २५. ते म्हणाले, “रस्ता खराब असेल.”

उलटा प्रकारही होतो. काही वाहिन्या आणि काही ॲप जुना सिनेमा पडदाभर दिसावा म्हणून वरून-खालून कापून दाखवतात. मग नाचणाऱ्या बाईचे पाय जातात. लावणीत पाय कापायचे म्हणजे राहिलं काय? ताणलेलं निदान रिमोटवरून सरळ करता येतं, कापलेलं परत जोडता येत नाही. त्यामुळे दोन्हीतलं एक निवडायची वेळ आली तर मी बाबांच्या बाजूची.

संवादांचं. टीव्ही जितका पातळ तितका स्पीकर बिचारा, आणि त्याचं तोंडही खाली किंवा मागे, भिंतीकडे. आवाज भिंतीला आपटून आपल्याकडे येतो. जुन्या डबड्या टीव्हीचे स्पीकर समोर होते, म्हणून त्याचं बोलणं कळायचं. त्यात ओटीटीवरचा आवाज बहुतेक वेळा ५.१ चा असतो, म्हणजे सहा वाटांनी येणारा, आणि माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या वाटेने. घरी मधला स्पीकरच नाही. टीव्ही ते सगळं दोन स्पीकरांत कोंबतो आणि पार्श्वसंगीत बोलण्याच्या छातीवर बसतं. परिणाम तुम्हाला माहीतच आहे: कुजबुज आली की आवाज ४० वर, बंदूक सुटली की धावत १२ वर, तोवर वरच्या मजल्यावरच्या काकू जाग्या.

पैसे न खर्चता दोन उपाय. सिनेमा चालू असताना ॲपच्या ऑडिओ यादीत जा, ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ दिसला तर तो निवडा. नसेल तर टीव्हीच्या साउंड मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असं काहीतरी असतं, ते चालू करा. एवढ्याने भागलं नाही तरच साउंडबार, आणि तोही मधला वेगळा स्पीकर असलेला. नुसता मोठा आवाज करणारा घेतलात तर न कळणारे संवाद आणखी जोरात ऐकू येतील. आमच्या शेजाऱ्यांनी घेतलाय. आम्हालाही ऐकू येतात. कळत नाहीत.

काहीजण सांगतील, सबटायटल लावा. मल्याळम सिनेमाला मी लावतेच, इलाजच नाही. पण माझ्या भाषेतला सिनेमा मी वाचत का बसू? आणि खरं सांगायचं तर मी टीव्ही बघताना मटार सोलते, कपड्यांच्या घड्या घालते. पट्टी वाचायची तर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसावं लागतं. तेवढी फुरसत असती तर थिएटरलाच गेले असते.

बाकी किरकोळ. ‘शार्पनेस’ कमी करा, तो वाढवून स्पष्टता वाढत नाही, फक्त कडांना पांढरी रेघ येते. चित्र अचानक काळवंडलं तर वीजबचतीचं सेटिंग आहे का बघा. सेट-टॉप बॉक्स जुना असेल आणि वाहिनी एचडी नसेल तर फोर-के टीव्हीवर ती जुन्या टीव्हीपेक्षा वाईटच दिसणार, कारण तेवढंच चित्र मोठ्या भिंतीवर पसरलंय. त्यासाठी दुकानदार बॉक्स टीव्हीला जोडायची महागडी एचडीएमआय केबल गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. आणि मेनूत आलाच आहात तर तुम्ही काय बघता याची नोंद ठेवणारं एक सेटिंग असतं, ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’ किंवा अशाच एखाद्या नावाचं, तेही बंद करा. अमेरिकेत २०१७ मध्ये विझिओ या टीव्ही कंपनीला याच कारणावरून २२ लाख डॉलर भरावे लागले होते.

एक सूचना: सगळं बदलायच्या आधी घरात सांगा. मी न सांगता बदललं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला, “अगं, टीव्हीचा रंग उतरलाय, वॉरंटीत आहे ना?” शेवटी तोडगा असा निघाला की सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयला बाबांचा मोड आणि ओटीटीला माझा. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक इनपुटचं पिक्चर सेटिंग वेगळं ठेवता येतं. तुमच्यातही असेल, बघा. आता बाबांचं गवत पोपटी आहे आणि माझे सिनेमे चहा सांडल्यासारखे.

पट्ट्यांचा वाद मात्र चालू आहे. गेल्या रविवारी त्यांनी चित्र आपणहून सरळ केलं. मी चकित. मग म्हणाले, “त्या काळ्या पट्टीत स्कोअर दाखवता येतो का बघ गं, नाहीतरी जागा रिकामीच आहे.”