पाच शाळा आणि एक ग्रंथपाल

तुम्ही एकटे ग्रंथपाल पाच प्राथमिक शाळांची ग्रंथालये सांभाळत असाल आणि प्रत्येक शाळेला आठवड्याचा एकेक दिवस वाटून दिलात, तर उरलेले दिवस तिथल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप राहते, आणि खरे नुकसान तिथेच होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय अपेक्षित आहे. म्हणून किल्ली शाळेतल्याच एका शिक्षकाकडे ठेवा आणि देवघेवीची वही चौथीच्या दोन मुलांच्या हाती द्या. मुले तारीख लिहायला विसरतील, एखादे पुस्तक हरवेलही. तरी माझ्या अनुभवात हरवण्यापेक्षा न उघडता पिवळी पडूनच पुस्तके अधिक वाया गेली आहेत. दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, मात्र स्वतःच लिहा. चाळीस-चाळीस पुस्तकांच्या पेट्या दरमहा शाळांमधून फिरवा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, म्हणजे पेटी उघडताच मोजणी होते.