बांबूचं पीठ पडतं तिथे बघ

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. टिलॉइडिया या भुंगे खाणाऱ्या किड्यांच्या जीनसवर, म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटावर, आपल्याकडे फार कोणी काम केलेलं नाही, नवीन स्पीशीज मिळेल, म्हणून तो जीनस घेऊ का असं विचारलंयस. घे की! फक्त ते नवीन स्पीशीजचं सध्या डोक्यातून काढ.

त्यातल्या टिलॉइडिया नोटाटा या स्पीशीजपासून सुरुवात कर. क्लुग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने 1842 मध्ये वर्णन केलं तेव्हा त्याला टिलस म्हटलं होतं, त्यामुळे जुने पेपर शोधताना दोन्ही नावं टाक, नाहीतर बरंच काही हाती लागणारच नाही. किडा सेंटिमीटरभरही नसतो, अंगावर केस, पाठीवर फिकट आडवे पट्टे, पटकन बघितलं तर मुंगीच वाटते. आणि तो असतो कुठे, तर बांबूच्या भुंग्यामागे. तोडलेल्या बांबूत स्टार्च असतं, त्यासाठी डायनोडेरस भुंगे येतात, आत पोखरतात आणि खाली ते बारीक पीठ पडत राहतं, तुझ्या घरीही बघितलं असशील. मोठा टिलॉइडिया बाहेर फिरून भुंगे पकडतो, त्याची अळी बोगद्यात शिरून भुंग्याच्या अळ्या खाते. बांबू पाण्यात बुडवून ठेवतात ना, ते स्टार्च निघून जावं म्हणूनच, आणि भुंगाच आला नाही तर हा तरी कशाला येईल. म्हणून जंगलाच्या परवानगीच्या मागे लागण्याआधी बुरूड आळीत जाऊन ये, टाकाऊ तुकडे माग, देतात लोक.

ते तुकडे बरणीत ठेव, वर बारीक तारेची जाळी, कापड नको, भुंगे कुरतडतात. रोज बघ. कोण कधी बाहेर आलं, किती आले, सगळं वहीत, त्याच दिवशी.

आणि लेबलवर बांबू कुठला, कधी तोडलेला, सोबत कुठला भुंगा होता हे लिहिच. माझ्याकडे कितीतरी डब्या आहेत ज्यांच्यावर गाव आहे, तारीख आहे, पण किडा कुठल्या लाकडातून निघाला ते मी लिहिलंच नाही, आता ते कधीच कळणार नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. किड्याचं नाव नंतरही लावता येतं गं, आकुर्डीला झेडएसआयचं, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं, सेंटर आहे, तिथे नमुने दाखवता येतील, पण तो काय खात होता हे त्या दिवशी बघितलं नाहीस तर गेलं.

पीठ पडणारा तुकडा मिळाला की फोटो पाठव, तारखेसकट.