एकाच रानात वर लाल, खाली काळी माती कशी?

प्रश्न : सर नमस्कार, आमचं रान देगलूर तालुक्यात माळाच्या उतारावर आहे. वर नुसती लाल खडाळ माती, पाऊस उघडला की पीक लगेच माना टाकतं, आणि खाली ओढ्याकडं काळी, भेगाळणारी. वडील म्हणतात काळी पुरात वाहून आली. खरंय का?

उत्तर : दादा, वडलांचं अर्धं बरोबर आहे. बारीक माती वरून धुऊन येतेच, पण खालची काळी बरीचशी जागेवरच तयार झालेली असू शकते, तीही त्याच दगडापासून.

मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट, पण देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट उघडा पडलाय, माळावरचे गोल धोंडे त्याचेच (भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात म्हणून गोल, भीमानं फेकलेले नाहीत). ग्रॅनाइटात गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक ही खनिजं. गारगोटी कुजत नाही, तिची वाळू होते. फेल्डस्पारची चिकणमाती होते आणि त्यातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका पाण्यात सुटं होतं. माथ्यावर पाणी थांबतच नाही, सुटं झालेलं घेऊन निघून जातं, बारीक कणही नेतं, मग मागं उरते वाळू, केओलिनाइट नावाची फारशी न फुगणारी चिकणमाती आणि लोखंडाचा गंज, म्हणून ती लाल. खाली तेच पाणी मुरतं, रेंगाळतं, आणलेलं तिथंच टाकतं, त्यातून स्मेक्टाइट नावाची दुसरी चिकणमाती बनते जी ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. खणताना चुनखडीचे खडे लागतात ना, ते पण याच हिशोबातले, पाण्यानं आणलेल्या कॅल्शियमचे. निचरा अगदीच नसला तर सोडियम साठून जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते, तिकडं लक्ष ठेवा.

माथ्यापासून पायथ्यापर्यंतची ही साखळी जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत मांडली, आपल्याकडं शेतकऱ्याला ती नांगराच्या ओढीवरूनच कळत होती म्हणा.

आणि काळी म्हणजे कसदारच, हे डोक्यातून काढा, काळ्या रानातही सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) बऱ्याचदा एक टक्क्याच्या आत असतो. माती परीक्षणाला वरची, मधली, खालची माती एकाच पिशवीत कालवून देऊ नका, तीन नमुने वेगळे द्या, नाहीतर रिपोर्ट कुठल्याच पट्ट्याचा नसतो. वर मूग-तीळ घ्या, पेरणी उताराला आडवी करा, हरभरा खालीच ठेवा.