सोल्डरिंगचा तो पांढरा धूर

बाळा,

परवा तुझ्या खोलीत आले नाही, दारातच उभी राहिले आणि आईशी बोलून निघाले, त्याचं तुला वाईट वाटलं असेल म्हणून हे लिहितेय. तुझं टेबल मस्त आहे गं, तो उघडलेला रेडिओ, डब्यांमध्ये लावलेले रेझिस्टर, सगळं बघून खरंच आनंद झाला. पण पाऊस म्हणून खिडकी बंद, सोल्डरिंगचं आयर्न गार होतं म्हणून पंखा बंद आणि तू अगदी नाक लावून वाकलेली, तेवढ्यात तो वास आला आणि माझी छाती आवळली.

तू म्हणालीस मावशी काळजी नको, शिसं नसलेलं सोल्डर आणलंय. इथेच गडबड होते बघ सगळ्यांची. तो धूर शिशाचा नसतोच, शिसं उकळायला १७०० डिग्रीच्या वर तापमान लागतं आणि आपलं आयर्न साडेतीनशेच्या आसपास. धूर येतो फ्लक्सचा, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून लावतात त्या पदार्थाचा. सोल्डरच्या तारेच्या पोटात आणि त्या पेस्टच्या डबीत जी राळ असते ना, पाइनच्या झाडाची, ती जळते. उलट बिनशिशाचं सोल्डर २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं, शिसंवालं १८३ लाच, म्हणजे तू आयर्न जास्त तापवणार आणि फ्लक्स जास्त धुरणार.

मी तुर्भ्याला एमआयडीसीत सोल्डरिंगच्या लाइनवर अकरा वर्षं होते, कंपनीचं नाव नको. आधी नुसता खोकला, तोही रात्री. गणपतीला चार दिवस गावी गेले की एकदम बरं, परत कामावर आले की दोन दिवसांत सुरू, आणि हे असं का होतंय ते मला कळायला फार उशीर झाला. डॉक्टरांनी सांगितलं की राळेच्या धुराने दमा होतो, आणि शरीराने एकदा तो धूर ओळखला की मग थोडासाही चालत नाही. म्हणून पंप पर्समध्ये असतो आणि म्हणून मी तुझ्या दारात थांबले. तुला सुट्टीत बरं आणि टेबलावर बसलं की खोकला असं कधी झालं तर लपवू नको, लगेच डॉक्टरकडे जा आणि फ्लक्सचं नाव सांग.

आता करायचं काय, तर धूर तोंडापर्यंत येण्याआधीच ओढून घ्यायचा. समोरून फुंकणारा पंखा नको, तो धूर घरभर पसरवतो, आणि तुझा धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपतो ना. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा जॉइंटच्या अगदी शेजारी ठेवायचा, ओढणारी बाजू तुझ्या कामाकडे, आणि मागे पाइप लावून धूर खिडकीबाहेर. डोकं बाजूला ठेव, जॉइंटच्या बरोबर वर नको. साध्या कापडी मास्कवर भरवसा नको. चष्मा लाव, फ्लक्स तडतडून उडतो.

आणि ती बाटलीतली अ‍ॅसिड फ्लक्स, पत्र्याचं काम करणारे वापरतात ती, सर्किटला अजिबात लावू नको. कल्हईवाला नवसागर टाकायचा तेव्हा पांढरा धूर उठायचा, आजीला विचार. तसलेच क्षार असतात त्यात, बोर्डावर राहिले की आपल्या ऐरोलीच्या पावसाळी हवेत ओल धरतात आणि तांब्याचे ट्रॅक खातात. हाताला लागली तर भरपूर पाण्याने धू.

बोर्ड आयपीएने, म्हणजे त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसतेस ते चांगलं, पण परवा बाटली आयर्नच्या स्टँडला टेकून, उघडी! त्याची वाफ आपल्या घरच्या तापमानालाही ठिणगी मिळाली की पेट घेते गं. आयर्न बंद, बोर्ड गार, मग बाटली उघड, आणि तेव्हाही खिडकी उघडीच हवी.

जुनं शिशाचं सोल्डर संपवायचं असेल तर संपव, फक्त तार दातात धरायची नाही, टेबलावर बिस्किटं नाहीत, उठल्यावर साबणाने हात.

माझ्याकडे एक जुना एक्झॉस्ट फॅन पडलाय. खिडकीच्या वरच्या काचेचं माप घेऊन ठेव, रविवारी सकाळी येते, आपण दोघी बसवू. तोपर्यंत आयर्न लावू नकोस.

तुझी मावशी