वाचकांचे प्रश्न : गेलेला मेल परत येतो का?

प्रश्न : पगाराचा तक्ता एचआरऐवजी त्याच नावाच्या बाहेरच्या कन्सल्टंटला गेला. आउटलुकमधून लगेच रिकॉल केला, तरी त्यांनी तो वाचलाच. मग रिकॉल चालतो तरी कधी?
– लेखा विभागातील वाचक, नाशिक

उत्तर : बाहेरच्या पत्त्यावर कधीच नाही. एकाच कंपनीच्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांसाठीचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट 365 मधल्या मेलबॉक्सपुरताच तो चालतो. पूर्वी त्यातही मेल न वाचलेला असावा लागे. 2023 पासून ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये हे काम थेट सर्व्हरवर होतं, त्यामुळे ॲडमिनने सोय बंद केली नसेल तर वाचलेला मेलही निघून जातो. जुन्या पद्धतीत बाहेरच्या माणसाला उलट 'यांना अमुक मेल मागे घ्यायचा आहे' असा दुसरा मेल जातो. ज्याने पहिला मेल उघडलाही नसता, तो मग हमखास उघडतो! त्यापेक्षा फोन करून मेल काढून टाकायला सांगा आणि आयटीला लगेच कळवा.

खरी गडबड 'टू'च्या चौकटीत होते. पहिली दोन अक्षरं टाइप केली की आउटलुक जुने पत्ते सुचवतं, आणि आपण घाईत एंटर दाबतो. चुकीच्या पत्त्यावर माउस नेला की उजवीकडे फुली दिसते, ती दाबून तो पत्ता यादीतून काढा.

दुसरा उपाय मेल उशिरा सोडण्याचा. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, मग 'मॅनेज रूल्स अँड ॲलर्ट्स', मग 'न्यू रूल'. तिथे 'अप्लाय रूल ऑन मेसेजेस आय सेंड' निवडा, अटी कोऱ्या सोडा, आणि 'डिफर डिलिव्हरी' पुढे 2 मिनिटं भरा (120 पर्यंत भरता येतात). मेल तेवढा वेळ आउटबॉक्समध्ये थांबतो. हा नियम तुमच्या मशीनवर चालतो. सेंड दाबून लगेच लॅपटॉप मिटलात तर मेल सकाळपर्यंत तिथेच अडकतो. फोनवरून पाठवलेल्या मेलला तो लागू नाही. जीमेलवाल्यांनी सेटिंग्जमध्ये 'अनडू सेंड' 5 सेकंदांवरून 30 वर न्यावं.

प्रश्न : ऑफिसच्या लॅपटॉपवर खासगी मेल इन्कॉग्निटोमध्ये उघडला आणि ऑफिसचे जुने मेल डिलीट केले, तर कंपनीला काही दिसतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दिसू शकतं. इन्कॉग्निटो फक्त त्या ब्राउझरमधली हिस्ट्री आणि कुकीज ठेवत नाही. नेटवर्कपासून काही लपवत नाही. मशीनवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट (ब्राउझर ज्याच्यावर विश्वास ठेवतो ते मूळ प्रमाणपत्र) बसवलेलं असेल तर एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद, रहदारीही मध्ये उघडून तपासता येते. हे ओळखायचं तर पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट पाहा. 'इश्यूड बाय' पुढे तुमच्या कंपनीचं किंवा तिच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर तपासणी चालू आहे. नाव दिसलं नाही म्हणून बिनधास्त होऊ नका. स्क्रीनवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात.

डिलीटचं म्हणाल तर डिलीटेड आयटम्समधूनही काढलेला मेल एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये मूळ सेटिंगनुसार 14 दिवस परत मिळतो, आणि कंपनीने 'होल्ड' (मेल कायमचा पुसला जाऊ न देणारी सोय) लावला असेल तर कितीही दिवस राहतो. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 7 नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला वाव देतं. नवी नोकरी शोधताय? बायोडेटा स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डेटावर पाठवा.

प्रश्न : मर्यादा 25 एमबी, फाइल 20 एमबी. तरी मेल परत का येतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मेलमधून जाताना प्रत्येक 3 बाइटची 4 अक्षरं होतात, म्हणून 20 एमबीची फाइल साधारण 27 एमबीची होते. 25 च्या मर्यादेत 18 च्या वर जाऊ नका. स्कॅन केलेली पीडीएफ झिप करून फारसा फरक पडत नाही, कारण आतली चित्रं आधीच दाबलेली असतात. 600 डीपीआय (एका इंचातले ठिपके) रंगीतऐवजी 200 डीपीआय ग्रेस्केलमध्ये पुन्हा स्कॅन करा. पिक्सेल नवव्या हिश्श्यावर येतात, आणि बिलावरचे आकडे तरीही स्वच्छ वाचता येतात.