यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर कर्करोग पुन्हा उद्भवला, तर ती शस्त्रक्रिया वाया गेली का?

आपल्या वडिलांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता, यकृताचा तो भाग काढला, आणि वर्षभराच्या आत सीटी स्कॅनमध्ये तिथेच नवी गाठ दिसली, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या यजमानांवर याच आजारासाठी यकृताची शस्त्रक्रिया दोनदा झाली, त्या काळात जे समजून घेतले तेवढेच सांगते.

वाया गेली असे कृपया मानू नका. या शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार उलटतो, आणि तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत. त्यात सर्जनची चूक असतेच असे नाही. आतड्यांतले रक्त पोर्टल शिरेने थेट यकृतात जाते, त्यामुळे कोणत्याही स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच तिथे रुजलेल्या असू शकतात.

आता खरा प्रश्न आहे तो ही गाठ पुन्हा काढता येईल का, हा. उरलेले यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते, म्हणूनच निवडक रुग्णांत दुसरी शस्त्रक्रिया शक्य होते आणि तिचे परिणाम पहिलीच्या जवळपास जातात. गाठ लहान असेल तर सुईने आत शिरून ती मायक्रोवेव्हने जाळण्याचाही पर्याय असतो. फुप्फुसांत काही आहे का, हे मात्र आधी पाहावे लागते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: केमो सुरू होण्याआधी यकृताच्या सर्जनचे मत घ्या. केमोने लहान गाठी कधीकधी स्कॅनवरून नाहीशा होतात, घरचे आनंदतात (आम्हीही पेढे आणायच्या बेतात होतो), पण पेशी पुष्कळदा तिथेच असतात आणि नेमके काय कापायचे ते सर्जनला सापडत नाही. आमच्या सर्जनने म्हणूनच केमोआधी कॉन्ट्रास्ट देऊन यकृताचा एमआरआय करून घेतला होता.

जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, जुन्या-नव्या सर्व स्कॅनच्या सीडी न्या. पहिल्या शस्त्रक्रियेचा मेणाचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा) पॅथॉलॉजी विभागातून मागून घ्या. आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या गाठीच्या पेशींतले जनुकीय बदल पाहणाऱ्या तपासण्या झाल्या नसतील तर त्यावर करता येतात आणि पुढची औषधे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरतात.